वॉटरफॉल की अ‍ॅजाइल : एका ठरावीक प्रश्नाची चिकित्सा

व्यवसाय माहिती प्रणाली या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी येतो : 'वॉटरफॉल आणि अ‍ॅजाइल या पद्धतींतील फरक स्पष्ट करा.' उत्तरही ठरलेले असते. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे क्रमबद्ध, ताठर, कागदपत्रांवर भर, ग्राहक फक्त सुरुवातीला आणि शेवटी. उजवीकडे चक्राकार, लवचिक, चालत्या सॉफ्टवेअरवर भर, ग्राहक सतत सोबत. खाली एक ओळ : 'म्हणून आजच्या काळात अ‍ॅजाइल अधिक उपयुक्त आहे.' मी झाशीत हा विषय शिकवतो आणि असे शेकडो तक्ते तपासले आहेत. विद्यार्थ्यांना दोष देता येत नाही, कारण आम्हीच तो तक्ता फळ्यावर लिहून देतो आणि त्यालाच गुण देतो.

या टिपणात त्या तक्त्यावर टीका करायची आहे. तक्त्यातली प्रत्येक ओळ चुकीची आहे असे नाही. पण निर्णयासाठी जी ओळ सर्वांत महत्त्वाची, तीच त्यात नसते. ती अशी : प्रकल्पातली मोठी चूक पहिल्यांदा कधी कळते, कोणाला कळते, आणि तोपर्यंत मागे फिरायची वाट उरलेली असते का? ही ओळ घालून पाहिली की पद्धतीच्या नावाला फारसे महत्त्व राहत नाही. हे पटावे म्हणून आधी एक जुना लेख वाचू, मग रेल्वे आरक्षणाकडे आणि मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या निकालांकडे पाहू.

रॉइस यांनी खरोखर काय लिहिले

वॉटरफॉलचा उगम म्हणून पाठ्यपुस्तके विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखाचे नाव देतात. लेख अकरा पानांचा आहे आणि अवघडही नाही, तरी ज्यांनी तो वाचला आहे असे शिक्षक मला फार थोडे भेटले. मीही नोकरीच्या पहिल्या सहा-सात वर्षांत तो न वाचताच शिकवत होतो, हे कबूल करायला हवे.

लेखात 'वॉटरफॉल' हा शब्द कुठेही नाही. तो काही वर्षांनी, १९७६ मध्ये, बेल आणि थेयर यांच्या लेखात आला. रॉइस यांनी अंतराळयानांच्या मोहिमांसाठी सॉफ्टवेअर तयार करण्याच्या कामात नऊ वर्षे घालवली होती आणि त्या अनुभवातून ते लिहीत होते. पहिल्या आकृतीत दोनच चौकटी आहेत, विश्लेषण आणि कोडिंग. लहान आणि स्वतःच वापरायच्या प्रोग्रामला एवढे पुरते, असे ते म्हणतात. दुसऱ्या आकृतीत सात चौकटी पायऱ्यांसारख्या उतरत जातात : प्रणालीच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, आराखडा, कोडिंग, चाचणी, वापर. आपल्या सर्व पुस्तकांत छापलेली आकृती हीच.

पण त्या आकृतीनंतर लगेच रॉइस सांगतात की हे असेच राबवले तर धोक्याचे आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारे आहे. कारणही देतात. वेळ किती लागेल, साठवण किती लागेल, माहितीची ये-जा कशी होईल या गोष्टींचा तोपर्यंत फक्त अंदाज असतो. प्रत्यक्ष अनुभव पहिल्यांदा चाचणीत येतो, आणि चाचणी असते जवळजवळ शेवटी. तिथे अंदाज चुकला तर एखादी ओळ बदलून भागत नाही. आराखड्यापर्यंत, कधी गरजांपर्यंत मागे जावे लागते. वेळ किंवा खर्च दुपटीपर्यंत जाऊ शकतो, असे ते लिहितात.

उरलेला लेख या धोक्यावरच्या पाच उपायांचा आहे. त्यांतला तिसरा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो : काम दोनदा करा. तीस महिन्यांचा प्रकल्प असेल तर आधी दहाएक महिन्यांत त्याची छोटी प्रतिकृती करून पाहा, म्हणजे कुठे अडते ते कळेल आणि ग्राहकाच्या हाती जाईल ती दुसरी आवृत्ती असेल. पाचवा उपाय म्हणजे ग्राहकाला मधल्या टप्प्यांवर औपचारिकपणे सामील करून घ्या. आता तक्त्याकडे परत या. 'ग्राहकाचा सहभाग शेवटी' ही ओळ आपण ज्यांच्या नावावर खपवतो, त्यांनी नेमके उलटे लिहिले होते.

मात्र इथे दुसरी चूक टाळली पाहिजे. अलीकडे काही जण रॉइस यांना अ‍ॅजाइलचे पूर्वज ठरवतात. तेही खरे नाही. त्यांचा दुसरा उपाय दस्तऐवजांविषयी आहे आणि तो ऐकून आजचा कोणताही प्रोग्रामर पळ काढेल. पन्नास लाख डॉलरच्या यंत्रसामग्रीच्या खरेदीला तीस पानांचा तपशील पुरतो, तर तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला दीड हजार पाने लागतील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे एकाच माणसाकडे भरपूर कागद आहेत, आधी करून पाहण्याचा आग्रह आहे आणि ग्राहकाचा सहभागही आहे. तक्त्याच्या कोणत्याही एका बाजूला त्यांना बसवता येत नाही.

मग दुसरीच आकृती का टिकली? माझ्या मते कारण सोपे आहे : त्या आकृतीवर करार लिहिता येतो. प्रत्येक चौकट संपली की सही, आणि सहीमागे बिलाचा हप्ता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये आपल्या सॉफ्टवेअर खरेदीसाठी जे मानक काढले, त्याचा अर्थ कंत्राटदारांनी याच पायऱ्यांसारखा घेतला. १९९४ मध्ये ते मानक बदलावे लागले. आपल्याकडच्या निविदांतही कामाची व्याप्ती आधी ठरते आणि पैसे टप्प्यांवर मिळतात. 'काम दोनदा करू' असे निविदेत लिहिले, तर लेखापरीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल की पहिल्या वेळचे पैसे वाया का घालवले. त्यामुळे ही आकृती लोकांनी अज्ञानाने उचलली असे मला वाटत नाही. खरेदीच्या नियमांना ती सोयीची होती.

झाशीच्या खिडकीवरून

आता जवळचे उदाहरण. दिल्ली–भोपाळ मार्गावरच्या झाशी जंक्शनवरून मुंबईच्या, सिकंदराबादच्या, चेन्नईच्या गाड्या जातात. रेल्वेचा झाशी विभाग २००३ पर्यंत मुंबईला मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत होता. त्यानंतर तो उत्तर मध्य रेल्वेत गेला. इथल्या आरक्षण खिडकीमागे जी प्रणाली चालते, ती भारतातल्या सर्वांत मोठ्या व्यवसाय माहिती प्रणालींपैकी एक आहे. ती तक्त्याच्या कोणत्या बाजूची?

संगणकापूर्वी आरक्षण हाताने, नोंदवहीत होत असे, आणि वेगवेगळ्या गाड्यांना वेगवेगळ्या खिडक्या. १९८५ मध्ये नवी दिल्लीला प्रायोगिक स्वरूपात संगणकीकृत आरक्षण सुरू झाले. सीएमसी या सरकारी कंपनीने तयार केलेल्या त्या प्रणालीचे नाव 'इम्प्रेस'. मग मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. ही पाच केंद्रे बराच काळ एकमेकांपासून स्वतंत्र होती : एका केंद्राकडच्या गाड्यांची जागा दुसऱ्याच्या पडद्यावर दिसत नसे. १९८६ मध्ये रेल्वेने 'क्रिस' ही स्वतःची माहिती प्रणाली संस्था काढली होती. तिने 'कॉन्सर्ट' ही नवी प्रणाली लिहिली आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रे जोडली गेली. इंटरनेटवरून तिकीट मिळू लागले ते ऑगस्ट २००२ मध्ये.

याला वॉटरफॉल म्हणावे, तर एक केंद्र चालवून पाहून मग पुढचे घेणे त्यात बसत नाही. अ‍ॅजाइल म्हणावे, तर तो जाहीरनामा २००१ चा; शिवाय भाड्याचे, कोट्याचे, प्रतीक्षायादीचे नियम 'पुढच्या स्प्रिंटमध्ये पाहू' म्हणून सोडता येत नाहीत. एकच बर्थ दोन प्रवाशांना विकली गेली की भांडण डब्यात होते. म्हणून नियमांचा भाग काटेकोर, आधी लिहून ठरवलेला. लोकांपर्यंत पोहोचवण्याचा भाग मात्र तुकड्यातुकड्याने. पाच केंद्रे वेगळी असल्याचा एक अनपेक्षित फायदाही होता : एखाद्या ठिकाणी बिघाड झाला, तर देशभरच्या खिडक्या एकदम बंद पडत नसत.

किंमतही होती. पहिल्या केंद्रापासून पाचही जोडली जाईपर्यंत जवळजवळ चौदा वर्षे गेली आणि तोवर परतीच्या आरक्षणासाठी तार पाठवून वाट पाहणारा प्रवासी ती किंमत मोजत होता. सावकाश जाणे म्हणजे फुकट जाणे नव्हे, हे विद्यार्थ्यांनी उत्तरात लिहायला हवे; सहसा कोणी लिहीत नाही.

आता याच स्थानकाची एक अलीकडची गोष्ट. पुस्तकात 'देखभाल' ही शेवटची चौकट असते आणि तिला तीन ओळी मिळतात. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेश शासनाच्या अधिसूचनेने झाशी स्थानकाचे नाव वीरांगना लक्ष्मीबाई झाले. नावाबरोबर स्थानकाचा संकेतही 'जेएचएस'चा 'व्हीजीएलबी' झाला. नव्या नावात गावाचे नाव उरले नव्हते. नंतर 'झाशी' पुन्हा जोडले गेले आणि संकेत 'व्हीजीएलजे' झाला.

नाव बदलावे की नाही हा आपला विषय नाही. त्या नावाबद्दल इथे सर्वांनाच आदर आहे. आपला विषय संकेताचा. डेटाबेसच्या तासाला आपण शिकतो की प्राथमिक कळ बदलणारी नसावी आणि तिला स्वतःचा अर्थ नसावा. स्थानकाचा संकेत नावावरून बनतो, म्हणजे त्याला अर्थ आहे. नाव बदलले की तो बदलण्याची मागणी येणारच. त्या वेळी आरक्षण १२० दिवस आधी मिळत असे. म्हणजे बदलाच्या दिवशी जुन्या संकेताची तिकिटे लोकांच्या खिशात होती आणि त्यांचा प्रवास पुढच्या चार महिन्यांत व्हायचा होता. आरक्षण तक्ता, परतावा, फलाटावरची उद्घोषणा, वेळापत्रक, मालवाहतूक, खासगी संकेतस्थळांवरचा शोध : जुना आणि नवा संकेत एकच आहेत हे यांतल्या प्रत्येकाला समजले पाहिजे. आणि हिंदीत 'झाँसी का टिकट' मागणारा माणूस शोधाच्या चौकटीत 'झाँसी'च टाइप करणार, हेही कोणीतरी आधी विचारात घेतले पाहिजे.

अधिसूचनेत ही मागणी एका ओळीची दिसते. बदल-विनंतीचा खरा आकार तिच्या मजकुरावरून कळत नाही, तिच्यावर किती प्रणाली टेकल्या आहेत त्यावरून कळतो. आणि नाव दुसऱ्यांदा सुधारावे लागले, याचा अर्थ गरज पहिल्या वेळी पूर्ण समजली नव्हती. ही चूक प्रोग्रामरच्या टेबलावर होत नाही, गरज लिहून देणाऱ्याच्या टेबलावर होते. तक्त्यात त्या टेबलाला जागाच नाही.

मुंबई विद्यापीठ, २०१७

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायच्या, असे मुंबई विद्यापीठाने ठरवले. ४७७ परीक्षा, सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, ती हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. उत्तरपत्रिका सापडेनात, पुरवण्यांचा मेळ लागेना, आणि पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका लागणारी मुले ताटकळली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

वर्तमानपत्रांतली चर्चा मुख्यतः व्यक्तींवर झाली. आपण कामाच्या रचनेकडे पाहू. पडद्यावर तपासणे ही कल्पना वाईट नव्हती : बेरजेच्या चुका टळतात, गठ्ठे गावोगाव फिरवावे लागत नाहीत, फेरतपासणी सोपी होते. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी म्हणेल, 'अ‍ॅजाइल वापरायला हवे होते.' म्हणजे नेमके काय? अर्धा निकाल लावता येत नाही. विद्यार्थ्याला 'ही पहिली आवृत्ती, गुण पुढच्या पंधरवड्यात सुधारू' असे सांगता येत नाही. इथे विचारायचा प्रश्न रूपांतराचा होता. जुन्या प्रणालीकडून नवीकडे जाण्याचे चार मार्ग आपण शिकतो : थेट, समांतर, टप्प्याटप्प्याने, प्रायोगिक. सर्व विद्याशाखा एकाच हंगामात घेणे म्हणजे थेट रूपांतर, आणि त्यात मागे फिरायची वाट सर्वांत अरुंद. एखाद्या शाखेतल्या थोड्या कामाचा अनुभव हाताशी असला, तरी तो सतरा लाखांना आपोआप लागू होत नाही.

पाटीवर करून पाहण्यासारखा हिशेब करू. पुढचे आकडे धरलेले आहेत, प्रत्यक्षातले नव्हेत. एका उत्तरपत्रिकेची ३० पाने धरली तर सतरा लाखांची ५ कोटी १० लाख पाने होतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे निकाल ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. ४५ दिवसांनी भागले तर रोज ११ लाखांहून अधिक पाने स्कॅन व्हायला हवीत, तीही योग्य बारकोडखाली. एक परीक्षक दिवसाला ३० उत्तरपत्रिका तपासेल असे धरले, तर सुमारे ५६,७०० परीक्षक-दिवस लागतात; हे काम ३० दिवसांत उरकायचे तर रोज जवळजवळ १,९०० परीक्षक पडद्यासमोर हवेत. सगळ्या परीक्षा एकाच दिवशी संपत नाहीत, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. पण पाच मिनिटांच्या या हिशेबाने कोणती माहिती आधी मिळवायला हवी ते कळते : स्कॅनिंगचा खरा वेग, आणि पहिल्यांदा पडद्यावर तपासणाऱ्या प्राध्यापकाचा खरा वेग. दोन्ही गोष्टी आदल्या हिवाळी परीक्षेत, जुन्या पद्धतीच्या सोबतीने, काही हजार उत्तरपत्रिकांवर मोजता आल्या असत्या. रॉइस यांचा तिसरा उपाय तो हाच.

क्रिटिकल पाथची आकृती काढली तर आणखी एक गोष्ट दिसते. गोळा करणे, गठ्ठे लावणे, बारकोड, स्कॅनिंग, परीक्षकाला वाटप, तपासणी, नियमन, निकाल ही साखळी आहे. उशीर दिसतो तपासणीत, कारण तिथे माणसे दिसतात. म्हणून उपायही तिथेच होतो. इतर विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची मदत घेण्यात आली, वर्ग थांबवून तपासणी झाली. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहिले होते की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर वाढतो. उत्तरपत्रिका तपासणे हे सॉफ्टवेअर लिहिण्यासारखे नाही. माणसे वाढवल्याने तपासणीचा वेग खरोखर वाढू शकतो. म्हणून हा नियम इथे जसाच्या तसा चिकटवू नये. पण चुकीच्या विषयाची उत्तरपत्रिका पडद्यावर येत असेल किंवा पुरवणी सापडत नसेल, तर अडचण साखळीच्या आधीच्या कड्यात आहे आणि पुढच्या कड्यात माणसे घालून ती सुटत नाही.

प्रकल्प व्यवस्थापनाचा प्रसिद्ध त्रिकोणही इथे अपुरा पडतो. वेळ, खर्च, व्याप्ती : यांपैकी दोन धरा, तिसरे सोडा, असे आपण शिकवतो. विद्यापीठाच्या बाबतीत वेळ कायद्याने बांधलेली आणि व्याप्ती विद्यार्थीसंख्येने. उरला खर्च, आणि तो निविदेने बांधलेला. तिन्ही बाजू बांधल्या की सैल होते ती गुणवत्ता, आणि तिचा भार निविदेत कुठेही नाव नसलेल्या विद्यार्थ्यावर पडतो.

अ‍ॅजाइलवर दोन शब्द

२००१ च्या फेब्रुवारीत सतरा जणांनी मिळून अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्ये आहेत आणि प्रत्येकात दोन बाजू. उजवीकडच्या गोष्टींनाही मोल आहे, डावीकडच्यांना आम्ही अधिक मानतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. 'अ‍ॅजाइलमध्ये दस्तऐवज नसतात' हे विद्यार्थ्यांचे लाडके वाक्य त्यातून निघत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. अ‍ॅजाइल धरून चालते की निर्णय घेऊ शकणारा ग्राहक रोज हाताशी आहे. आपल्या कार्यालयांत काम ज्याला माहीत असते तो कनिष्ठ लिपिक असतो आणि सही ज्याची चालते त्याने ते काम बारा वर्षांत केलेले नसते. दर पंधरा दिवसांच्या बैठकीला यातला कोण येणार? दुसरा आला तर होकार मिळतो, माहिती मिळत नाही. पहिला आला तर उलटे. स्क्रममधला 'प्रॉडक्ट ओनर' या दोघांना एकाच खुर्चीत बसवतो, पण अशी खुर्ची बहुतेक कार्यालयांत नसते. मग रोजच्या उभ्या बैठका होतात, भिंतीवर रंगीत कागद लागतात, आणि निर्णय पूर्वीसारखेच फाइलवर होतात.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी व्यवहाराचे सांगतो. प्रश्न आला तर तक्ता काढा. गुणदान-योजनेत तो आहे आणि ते गुण सोडण्यात शहाणपण नाही. पण सहा ओळींऐवजी चार लिहा आणि वाचलेल्या जागेत एखादे ओळखीचे उदाहरण घ्या : कॉलेजचा प्रवेशअर्ज, दूध संकलनाचे बिल, नाव बदललेले स्थानक, काहीही. त्यातली पहिली मोठी चूक कोणत्या दिवशी कोणाच्या लक्षात आली असती आणि त्या दिवशी जुनी पद्धत चालू होती की बंद झाली होती, एवढे लिहा. तपासणारा मी असेन, तर आधी तेच वाचेन.